मास्तर शाल पांघरतात

टोपी आपण स्वतःच शिवायची, हे मास्तरांनी बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास ठरवलं, आणि तिथून पुढे जे काही झालं त्याला दुसरं कुणीही जबाबदार नाही. घड्याळजींनी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं की प्रार्थनागृहाच्या दारातच एक टोपली असते, तिच्यात पाहुण्यांसाठी टोप्या ठेवलेल्या असतात, त्यातली एक उचलून डोक्यावर ठेवायची आणि जाताना परत टाकायची. लहान मुलालाही जमलं असतं. पण सोपी गोष्ट सोपी राहू देतील तर ते मास्तर कसले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. कोट, पँट आणि अंगाबरोबर बदलत जाणारे कपडे, म्हणजे आल्टरेशन, हा त्यांचा धंदा. त्यांच्या दुकानाला लागून घड्याळजींचं दुकान, आणि मधली भिंत अशी पातळ की इकडे मशीन सुरू झालं की तिकडे घड्याळजी हातातला चिमटा खाली ठेवून धीर धरून बसतात, आणि तिकडची घड्याळं बाराचे ठोके देऊ लागली की इकडे मास्तर कात्री ठेवतात. (सगळी घड्याळं एकदम ठोके देत नाहीत. पावणेबारापासून सव्वाबारापर्यंत आपापल्या सोयीने देतात. घड्याळजी म्हणतात, बरोबर वाजली असती तर माझ्याकडे कशाला आली असती.) असा हा बावीस वर्षांचा शेजार.

घड्याळजी धर्माने ज्यू. वय त्र्याऐंशी, डोळ्याला भिंग, डोक्यावर छोटीशी काळी टोपी, बोलणं कमी. बुधवारी ते मास्तरांच्या दुकानात आले आणि म्हणाले, "मास्तर, शनिवारी मी पुन्हा तेरा वर्षांचा होतोय. तुम्ही दोघं या."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. त्यांच्यात मुलगा तेरा वर्षांचा झाला की सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहात, सगळ्यांसमोर धर्मग्रंथातला भाग वाचतो, म्हणजे तो जाणता झाला. माणसाचं आयुष्य सत्तर वर्षांचं धरलेलं, त्यापुढचं सगळं बोनस. म्हणून सत्तर अधिक तेरा झाले की कुणी कुणी पुन्हा तेच वाचन करतात. सत्तर वर्षांपूर्वी वाचताना त्यांचा आवाज फुटला होता, या खेपेला तरी नीट वाचायचं होतं.

मास्तर भारावून गेले, आणि त्याच क्षणी धास्तावलेही. त्याचं कारण दोन वर्षांपूर्वीचं होतं.

पण आधी मास्तरांचा स्वभाव सांगायला हवा. मास्तर जगातल्या कुठल्याही वस्तूचं माप घेतील, पण तिच्याबद्दल कुणाला विचारणार नाहीत. विचारलं की आपल्याला माहीत नव्हतं हे समोरच्याला कळतं, असं त्यांचं साधं म्हणणं. घड्याळजींनी पहिल्यांदा लोकरीचा कोट शिवायला टाकला तेव्हा त्यांनी बजावलं होतं की कॉलरच्या आत लिननचं कॅनव्हास घालू नका, सुती घाला. मास्तर 'बरं' म्हणाले. का, ते विचारलं नाही. लिननने यांच्या मानेला खाज सुटत असणार, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढला आणि दुसऱ्या दिवशी खाजेवरचं एक मलमही नेऊन दिलं. घड्याळजींनी ते मुकाट्याने घेतलं. लोकर आणि लिनन एकाच कपड्यात चालत नाही, हा त्यांच्या धर्माचा नियम आहे, हे मास्तरांना कळायला एकोणीस वर्षं लागली. तोवर मलमाच्या बऱ्याच ट्यूब पोचत्या झाल्या होत्या.

आता ती दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. घड्याळजींची बायको वारली. मास्तरांना रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ते आपला काळा कोट घालून त्यांच्या दफनभूमीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. आत पन्नासेक माणसं पाठमोरी उभी होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी होती. मास्तरांचं डोकं उघडं. घरात कापडाचे तागे पडलेले आणि डोक्यावर बोटभर चिंधी नाही. असं आत गेलं तर त्यांच्या दुःखात आपण अपमानाची भर घालू, असं वाटून ते फाटकाचा गज धरून उभे राहिले, तिथेच त्यांना रडू आलं (त्या बाईंनी वीस वर्षांत त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती, 'भाऊ'च म्हणायच्या), आणि मग ते परत फिरले.

आठ दिवसांनी घड्याळजींनी दुकान उघडलं. मास्तरांनी चहाचा कप त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला, बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तुम्ही का आला नाहीत, असं घड्याळजींनी कधी विचारलं नाही, आणि हे न विचारणंच मास्तरांच्या दोन वर्षं माशाच्या काट्यासारखं घशात अडकून होतं. घड्याळजी मनातून दुखावलेत याबद्दल त्यांना शंका नव्हती. म्हणून या शनिवारी चूक होता कामा नये, केसभरही नाही. आणि दुसऱ्याची, टोपलीतली, कुणी शिवली कुणास ठाऊक अशी टोपी घालून तर मुळीच जायचं नाही.

पण टोपी शिवायची म्हणजे टोपी पाहायला हवी. बावीस वर्षं जी वस्तू डोळ्यांसमोर आहे तिला कळ्या किती, हे आता आठवेना. तेव्हा मास्तरांनी आपल्या मनगटावरच्या घड्याळाची चावी बाहेर ओढून ते बंद पाडलं आणि 'चालत नाही' म्हणून शेजारी गेले. घड्याळजींनी भिंग लावून मान खाली घातली. मास्तरांनी वरून टोपी पाहून घेतली. कळ्या सहा, रुंदी अंदाजे सव्वासहा इंच, काठाला आडवी पट्टी. घड्याळजींनी नखाने चावी आत दाबली, घड्याळ परत दिलं आणि मास्तरांकडे जरा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "दारात टोपली असते, मास्तर."

पहिली टोपी वाटीएवढी झाली. दुसरी कानांवर आली. तिसरी उत्तम झाली, पण तिला मधोमध टोक आलं आणि मास्तर एखाद्या डबीच्या झाकणासारखे दिसू लागले. चौथी मात्र जमली. काळं सॅटिन, आतून अस्तर, काठाला हातशिलाई, टाका असा बारीक की दिसू नये. मास्तरांच्या डोक्यावर मधोमध केस नसल्याने ती तिथून घसरत होती एवढंच.

त्यांच्या बायकोने हे सगळं तीन दिवस पाहिलं. तिने स्वतः घड्याळजींच्या मुलीला फोन करून विचारलं होतं की मी काय घालू. उत्तर मिळालं होतं की बाह्या कोपराखाली, झगा गुडघ्याखाली आणि डोक्याला स्कार्फ. फोन दीड मिनिटात संपला.

"अहो, तुमचंही विचारून घेतलं असतं ना," ती म्हणाली.

"माझं मला ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. तिने दोन केसांच्या क्लिपा काढल्या आणि टोपी त्यांच्या उरल्यासुरल्या केसांना टाचून टाकली.

शनिवारी सकाळी दोघं चालत निघाले. शनिवार त्यांच्या विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी लिहायचं नाही, फोन काढायचा नाही, फोटो नाहीत, हे बायकोला त्या दीड मिनिटातच कळलं होतं. तिने मास्तरांच्या खिशातून फोन, पेन आणि मोजमापाची वही अशा तिन्ही वस्तू काढून घरी ठेवल्या. मास्तरांना कपडे काढून घेतल्यासारखं वाटलं.

सिनेगॉगच्या दारात टोपली होतीच. मास्तरांनी तिच्यातल्या टोप्यांकडे ओझरतं पाहिलं, शिलाई पाहून मनातल्या मनात हळहळले, आणि मान ताठ ठेवून आत गेले. बायको जिन्याने वर गेली, कारण बायकांच्या बसायच्या जागा वरच्या सज्जात होत्या. इथे मास्तर एकटे पडले.

आणि इथेच त्यांना त्या शाली दिसल्या. भिंतीशी एका दांडीवर ओळीने टांगलेल्या, पांढऱ्या, कडेला काळे किंवा निळे पट्टे, आणि चारही कोपऱ्यांना लांब दोरे गाठी मारून सोडलेले. येणारा जो तो पुरुष एक तर घरून आणलेल्या पिशवीतून शाल काढत होता, नाहीतर दांडीवरची घेत होता, काहीतरी पुटपुटून खांद्यावर टाकत होता आणि आत जात होता. एकही खांदा मोकळा नव्हता. मास्तरांना फाटक आठवलं. तेव्हा सगळ्यांची डोकी झाकलेली आणि आपलं उघडं, आता सगळ्यांचे खांदे झाकलेले आणि आपले उघडे. घड्याळजी म्हातारे झाले, सांगायचं विसरले असतील. (तिथे बाजूलाच एक प्रेमळ दिसणारे आजोबा उभे होते. त्यांना विचारता आलं असतं.)

शिवाय खरं सांगायचं तर मास्तरांची बोटं कधीची शिवशिवत होती. त्यांनी एक शाल उतरवली, अंगठ्याखाली कापड चोळून पाहिलं, शुद्ध लोकर होती. कोपऱ्यातली गाठ पाहिली. पाच गाठी, मध्ये वेढे, वेढ्यांची संख्या दर टप्प्याला वेगळी. हे कुणीतरी मोजून केलेलं होतं. मोजून केलेल्या वस्तूपुढे मास्तर नेहमीच नमतात. त्यांनी शाल पांघरली, इतरांसारखे ओठ हलवले, आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. शाल त्यांच्या अंगावर इतकी चापूनचोपून बसली की शेजारच्या दोघांनी आपापली सावरून घेतली.

वर सज्जात मास्तरांची बायको एका जाड भिंगाच्या चष्म्यातल्या आजीबाईंशेजारी बसली होती. आजीबाईंनी खाली पाहिलं आणि विचारलं की ते तुमचेच का. मग हळूच सांगितलं की टोपी पाहुण्यांनी घालायची असते, पण ती शाल फक्त आमच्यातल्या पुरुषांची, तिच्याबरोबर काही कर्तव्यं येतात. बायकोने कठड्यावरून वाकून मास्तरांची नजर पकडली आणि आपल्या दोन्ही खांद्यांवर हात आपटून दाखवले.

मास्तरांना कळलं की शाल खांद्यावरून घसरतेय. त्यांनी ती वर ओढून घेतली.

बायकोने जोरजोरात मान हलवली आणि डोक्यावरून काहीतरी भिरकावून दिल्याची खूण केली. मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. काही वृद्ध मंडळींनी खरोखरच शाल डोक्यावरून घेतली होती. बायको वरून बरोबर बघतेय, शाबास, असं म्हणत त्यांनीही शाल टोपीवरून पुढे ओढली. आता त्यांचं फक्त नाक दिसत होतं. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. डोळे झाका, असं ती म्हणतेय असं समजून मास्तरांनी डोळेही मिटले.

त्यांची ही तल्लीनता सिनेगॉगची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांच्या नजरेत भरली. कुणी कधी उठायचं, कुणाला कुठला मान द्यायचा, हे ठरवणारे हे गृहस्थ एरवी चष्म्याचे दुकानदार होते. माणूस बघताच ओळखण्याबद्दल त्यांची ख्याती होती. ते शेजारी येऊन बसले आणि कुजबुजले, "नवीन दिसता. बाहेरगावचे?"

"नाही, इथलाच," मास्तर डोळे उघडून म्हणाले.

"कधी दिसला नाहीत."

"शनिवारी दुकान असतं हो. जमत नाही."

चष्मेवाल्यांनी सुस्कारा सोडला. "सगळ्यांचं तेच झालंय. वडील यायचे?"

"नाही. वडील कधीच आले नाहीत."

"आजोबा?"

"त्यांचा तर प्रश्नच नव्हता."

चष्मेवाल्यांचे डोळे पाणावले. तीन पिढ्या दुरावलेला एक माणूस आज आपण होऊन परत आला होता, शाल डोक्यावरून घेऊन डोळे मिटून बसला होता. अशा माणसाला नुसतं बसवून ठेवणं बरं नव्हे. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले की वाचन संपलं की ग्रंथाची गुंडाळी बांधून तिला अंगरखा घालायचा असतो. मोठा मान आहे. आज तो तुम्ही घ्या.

मास्तरांच्या कानात एकच शब्द राहिला, अंगरखा. यांच्याकडे ग्रंथालाही कपडे घालतात हे त्यांना आत्ता कळत होतं. या सबंध इमारतीत शेकडो कामं असतील, त्यातलं नेमकं शिंप्याचं काम आपल्यापर्यंत चालत आलं, हा घड्याळजींनीच केलेला बेत असणार, दोन वर्षांचं मागचं सगळं पुसायला. नाही म्हणणं म्हणजे पुन्हा फाटकातून परत जाणं. मास्तर हो म्हणाले.

तोवर घड्याळजी पुढे उंचावरच्या टेबलाशी उभे राहिले होते. त्यांनी वाचायला सुरुवात केली. मास्तरांना शब्द एकही कळत नव्हता, पण सूर कळत होता. पहिल्यांदा आवाज थरथरला, मग ठरला, आणि मग त्यांच्या दुकानातल्या मोठ्या लंबकासारखा एका लयीत चालू लागला. शेवटच्या ओळीला तो कुठेही फुटला नाही. मास्तरांना आपल्याच मुलाने बक्षीस मिळवल्यासारखा अभिमान वाटला, हा मुलगा त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी मोठा असला तरी.

मग चष्मेवाल्यांनी मास्तरांना दंडाला धरून पुढे नेलं. पायऱ्या चढताना ते दोन्ही बाजूंच्या लोकांना हळूच सांगत होते, तीन पिढ्या, तीन पिढ्या. लोक मास्तरांकडे मायेने पाहत होते. मास्तर टेबलाशी पोचले. समोर घड्याळजी, घामाने चिंब, सुखावलेले. त्यांनी मान वर केली, शालीच्या बोगद्यात दिसणारं नाक पाहिलं, आणि ते नाक त्यांनी ओळखलं.

चष्मेवाले त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "तीन पिढ्यांनी परत आलेत."

"हे?" घड्याळजी म्हणाले. "हे माझ्या शेजारचे शिंपी."

घड्याळजींची नजर शालीवर होती, चष्मेवाल्यांची मास्तरांवर होती, आणि वरून बायकोची सगळ्यांवर होती. आपण काहीतरी भलतंच केलंय एवढं मास्तरांना एका क्षणात कळलं. काय ते कळलं नव्हतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचारलं.

"घड्याळजी, ही मी घ्यायची नव्हती का?"

घड्याळजींच्या मिशीचा कोपरा हलला. त्यांनी पुढे होऊन शाल मास्तरांच्या डोक्यावरून, मग खांद्यांवरून स्वतःच्या हातांनी उतरवली, नीट घडी घातली. "टोपी पाहुण्याची," ते हळू आवाजात म्हणाले. "शाल आमची. ती पांघरली की तिच्या गाठींबरोबर बांधलेले नियमही पांघरावे लागतात. तुम्हाला सूट आहे, मास्तर, तर उगाच कशाला ओझं घेता? इथे माझ्या बाजूला उभे राहा."

चष्मेवाले लाजेने लाल झाले होते. त्यांनी घाईघाईने पहिल्या रांगेतल्या दातांच्या डॉक्टरांना वर बोलावलं. एकाने दोन काठ्यांवर गुंडाळलेला तो ग्रंथ उभा धरला होता. दातांच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला, तो इतका सैल की खाली घसरला. मग मखमली अंगरखा उचलला. वरच्या बाजूला काठ्यांसाठी दोन भोकं होती, त्यातलं एक सापडलं, दुसरं सापडेना. मास्तर शेजारी हात मागे बांधून उभे होते. त्यांनी ओठ दाबून धरले. मग त्यांना ते सहन झालं नाही.

"आधी पट्टा," ते पुटपुटले. "दोन बोटं वर घ्या. ओढा. अजून. आता कापड फिरवा, मखमलीची लव खाली जायला हवी, तुमची वर चाललीय. भरतकाम पुढे. दोन्ही काठ्या एकदम, बाही घालतो तशा. झटका नको, खाली सोडा." दातांच्या डॉक्टरांनी एकेक गोष्ट निमूटपणे केली, आणि अंगरखा सरळ रेषेत, एकही सुरकुती न पडता खाली उतरला. ग्रंथाकडे पाहून धर्मगुरूंनीच समाधानाने मान हलवली.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण अंगरख्याच्या तळाला चार बोटं शिवण उसवलेली मास्तरांना दिसली आणि त्यांचा उजवा हात आपोआप कोटाच्या कॉलरमागे गेला, जिथे त्यांची एक सुई दोरा ओवून कायम टोचलेली असते. सुई बाहेर निघाली तेव्हा धर्मगुरूंनी प्रेमाने त्यांचं मनगट धरलं. आज शिवायचं नसतं, म्हणाले. आणि मग हसू आवरत त्यांनी सांगितलं की आमच्या फार जुन्या नियमांत एक खास शिंप्यांसाठीच आहे. शुक्रवारी दिवस मावळायला, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस लागायला आला की शिंप्याने सुई घेऊन घराबाहेर पडू नये, कारण अंगावर सुई आहे हे तो विसरतो.

मास्तर थक्क झाले. बायकोने फोन, पेन, वही सगळं काढून घेतलं आणि सुई राहिली, हे हजारो वर्षांपूर्वी कुणाला तरी ठाऊक होतं. कुणीतरी कुठेतरी बसून आपल्या कॉलरचा विचार केला होता. ओशाळण्याच्या जागी त्यांना चक्क मान वाटला. त्यांनी सुई परत टोचली, सोमवारी येतो म्हणाले, आणि प्रार्थना संपेपर्यंत घड्याळजींच्या शेजारी ताठ उभे राहिले.

नंतर बाजूच्या दालनात सरबत आणि बिस्किटं होती. लोक घड्याळजींचा हात हातात घेत होते, मास्तरांकडे बघून हसत होते, पण त्या हसण्यात टोचणी नव्हती. दातांच्या डॉक्टरांनी तर त्यांना दोन बिस्किटं आणून दिली. मास्तरांची बायको त्या आजीबाईंचा हात धरून जिना उतरून आली. मास्तरांनी ठरवलं की आता विचारायची सवय लागलीच आहे तर सांगायचीही लावून घ्यावी. ते घड्याळजींसमोर जाऊन उभे राहिले.

"मी आलो होतो," ते म्हणाले. "वहिनी गेल्या तेव्हा. फाटकापर्यंत आलो होतो. डोकं उघडं होतं म्हणून परत गेलो. दोन वर्षं तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तुम्हाला लागलं असणार. मला माफ करा."

बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. घड्याळजींनी हातातला पेला ठेवला. त्यांना खरोखरच काही उमगलेलं दिसत नव्हतं.

"किती वाजता आला होतात?" त्यांनी विचारलं. वेळेच्या बाबतीत ते काटेकोर.

"सकाळी दहाला."

"मास्तर, आमच्यात थांबत नाहीत. ती दुपारी गेली आणि दिवस मावळायच्या आत आम्ही तिला ठेवून घरीसुद्धा आलो होतो. दुसऱ्या सकाळी दहाला मी घरात बसून होतो. तुम्हाला कुणी वेळेवर कळवलं नाही याचं मलाच वाईट वाटत होतं, म्हणून मी विषय काढला नाही." त्यांनी पेला पुन्हा उचलला. "आठव्या दिवशी तुम्ही काही न बोलता चहा आणून ठेवलात. त्या आठवड्यात सगळे नुसते बोलत होते. मला तो चहा पुरला."

मास्तरांचे डोळे भरून आले. बायको मात्र मागून म्हणाली, "दोन वर्षांत एकदा विचारलं असतंत."

"पण मग," मास्तर डोळे पुसत म्हणाले, "सकाळी दहाला ती पन्नास माणसं कोण होती?"

"आमची," आजीबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. आजीबाई टपाल कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. साहेब त्याच रात्री वारले होते, आणि त्या सकाळी दहाला त्यांचंच दफन होतं. त्यांनी पुढे येऊन जाड चष्म्यातून मास्तरांना नीट न्याहाळलं.

"फाटकाचा गज धरून रडत होतात ते तुम्हीच का? दोन वर्षं घरात यावर वाद चाललाय. मुलं म्हणतात, बाबांचा कुणी जुना मित्र असेल. मी म्हटलं, यांना मित्र कुठला. वैरीच असणार, खरंच गेले का याची खात्री करून घ्यायला आला होता. पण यांचा म्हणावा असा वैरी तरी कोण, ते काही मला सुचेना."

मग त्यांची नजर मास्तरांच्या कोटाच्या कॉलरवरच्या सुईवर गेली.

"शिंपी म्हणाले ना तुम्हाला? अठरा वर्षांपूर्वी थोरलीच्या लग्नात यांच्या कोटाची डावी बाही दोन इंच आखूड झाली होती. मरेपर्यंत त्या शिंप्याच्या नावाने खडे फोडत होते. तो कोण, काही कल्पना आहे तुम्हाला?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. दुर्दैवाने ती बाही त्यांना लगेच आठवली.